पुढच्या पानाचा शब्द

चाचांनी कागद आधी कानाशी नेला. दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकेच झटकला, तेव्हा पिंपळाचं वाळलेलं पान वाजावं तसा आवाज आला. मग ते उठून दाराशी गेले, कागद उन्हासमोर धरला, एक डोळा मिटला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

"घोटे सो कागद है," शेवटी म्हणाले. "दोनों बाजू से घोटे सो."

"इथलाच का, चाचा?"

"इधरकाच है बोलके कैसा बोलूँ? पर हाथ अपने लोगाँ का दिखता."

त्यांनी मला जवळ बोलावलं आणि कागदात काय बघायचं ते दाखवलं. उन्हासमोर धरल्यावर त्यात बारीक आडव्या रेघा दिसत होत्या, अगदी दाट, एकीला एक लागून. मधूनच थोड्या वाकड्या जाणाऱ्या उभ्या रेघा. ज्या काड्यांच्या चटईवर हा कागद उचलला गेला तिच्या त्या खुणा. लगदा तिच्यावर बसला, पाणी गळून गेलं, आणि चटई कागदाच्या अंगात कायमची उमटली. माझ्या आजोळी, पैठणला, माळ्यावरच्या पेटीत सापडलेलं हे रोजमेळाचं सुटं पान. वर्षानुवर्षं मी त्यावरची मोडी वाचत आलो होतो. कागद वाचायचा असतो हे कागजीपुऱ्यात, कागद करणाऱ्या या चाचांकडून कळलं.

खरं तर मी निघालो होतो एक पोथी बघायला. छत्रपती संभाजीनगरात जुन्या वस्तीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडे मौलाना रूमींच्या मसनवीच्या पहिल्या भागाची हस्तलिखित प्रत आहे, पहिल्या पानावर सोन्याचं काम आहे, असं एका स्नेह्याकडून कळलं होतं. सरांनी सकाळी दहाची वेळ दिली. मी मुद्दाम एक दिवस आधी पोहोचलो. पोथी उघडण्याआधी, अशी पोथी ज्या मुलखात वाचली गेली तो मुलूख एकदा पायाखालून घालावा, असं मनात होतं. पिशवीत दोनच गोष्टी होत्या. एक हे मोडी पान, आणि दुसरा माधव ज्यूलियनांचा फार्शी-मराठी कोश. 1925 साली निघालेला हा कोश मी मोडी शिकताना घेतला आणि तेव्हापासून तो हाताशीच आहे. मराठीत गझल रुजवणाऱ्या, उमर खय्यामच्या रुबाया थेट फारसीतून मराठीत आणणाऱ्या या कवीने इतकं किचकट काम केलं, एकेक शब्द वेचला, हे आठवलं की मला त्यांच्या कवितेइतकाच हा कोशही त्यांचा काव्यग्रंथ वाटतो.

मध्यवर्ती बसस्थानकावरून खुलताबादची एसटी धरली. छावणी, मिटमिटा, शरणापूर मागे पडलं आणि देवगिरीचा तासलेला कडा समोर उभा राहिला. कार्तिक महिना. किल्ल्याच्या पायथ्याशी सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या, डोळे पडलेली फळं वर आणि घट्ट फळं खाली. पुढे रस्ता जुन्या तटाच्या वेशीतून जातो. समोरून ट्रक आला की दोघांपैकी एकाला थांबावं लागतं. आमची बस थांबली तेव्हा खिडकीतून हात काढला असता तर वेशीच्या दगडाला लागला असता. 1327 मध्ये मुहंमद तुघलकाने राजधानी इथे हलवली तेव्हा दिल्लीहून निघालेल्या लोकांत अंमलदार होते, शिपाई होते, सूफी होते, कवी होते. आणि आपले पूर्वजही त्यांच्याच बरोबर आले, असं कागजीपुऱ्याचे कागजी सांगतात. दरबार म्हटला की दफ्तर आलं, आणि दफ्तर म्हटलं की कागद.

घाट चढला की कागजीपुरा. हातकागद इथे आजही होतो, पण आता लग्नपत्रिका, पिशव्या, वह्या यांच्यासाठी. कापडाच्या चिंध्या यंत्रात दळल्या जातात. चाचांनी मला त्याआधीची रीत सांगितली, आणि ती सांगताना त्यांचे हात आपोआप चालत होते. जुने दोर, सुतळी, गोणपाट, चिंध्या तोडायच्या. चुन्याच्या पाण्यात भिजत घालायच्या. पायाने चालवायच्या ढेकीखाली कुटायच्या, धुवायच्या, पुन्हा कुटायच्या. दोराचा दोरपणा पार जाईपर्यंत. मग हौदात तो लगदा कालवून चटई आत बुडवायची आणि वर उचलताना एकदा पुढे, एकदा बाजूला असा झोका द्यायचा.

"ये झोका नै शिका सकते," चाचा म्हणाले. "हाथ को आया तो आया."

ताव एकावर एक रचून दाबायचे, पाणी काढायचं, भिंतीला लावून वाळवायचे. पण असा कागद शाई पिऊन टाकतो, अक्षर फुटतं. म्हणून त्याला खळ द्यायची. आणि खळ वाळली की गुळगुळीत दगडाने घोटायचा. फळीवर कागद पसरून, अंगाचा सगळा भार मनगटावर आणून, एकाच दिशेने. घोटीव कागदावर बोरू अडखळत नाही, आणि चूक झाली तर ओल्या बोटाने अक्षर पुसून पुन्हा लिहिता येतं. दौलताबादी कागद म्हणून जुन्या दप्तरांत ज्याचं नाव येतं, तो असा हातांनी केलेला. आपल्या कारकुनांनी मोडी त्यावर लिहिली, मुन्शींनी फारसी त्यावर लिहिली. कागद, कलम, दौत, शाई, दप्तर, मजकूर, मसुदा, जिल्द. लिहिण्याच्या कामाचे इतके शब्द मराठीने फारसीकडून आणि फारसीच्या वाटेने अरबीतून घेतले, ते आपण रोज बोलतो. कागजीपुऱ्यात उभं राहिलं की हे शब्द कुठल्या वाटेने घरात आले असतील ते समोर दिसतं.

निघताना चाचांनी मोडी पान परत दिलं, ते दोन्ही तळहातांवर ठेवून.

खुलताबाद तिथून जवळच. गावात शिरताच बहुतेक गाड्या दोन दिशांना जातात, काही भद्रा मारुतीकडे आणि काही औरंगजेबाच्या कबरीकडे. मी दोन्हीकडे जाऊन आलो. पण मला गाठायचा होता तो एक कवी, आणि तो गावाच्या तटाबाहेर झोपला आहे.

अमीर हसन सिजझी. अमीर खुसरोचा मित्र, निजामुद्दीन औलियांचा शिष्य, फारसी गझलेतला असा माणूस की त्याला हिंदुस्थानचा सादी म्हणत. 1308 ते 1322 अशी जवळजवळ पंधरा वर्षं तो आपल्या गुरूच्या बैठकीला जात राहिला, ऐकलेलं घरी येऊन लिहीत राहिला. 188 बैठकींच्या त्या नोंदी म्हणजे फवाइद-उल-फुआद. सूफींच्या संवादांचं हे पुस्तक पुढे अशा सगळ्या पुस्तकांचा कित्ता ठरलं. राजधानी हलली तसा हसनही देवगिरीला आला आणि दहाएक वर्षांत इथेच वारला. त्याने जे केलं तेच त्याच्या डोळ्यांसमोर इथेही सुरू झालं. बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या भोवती जमलेल्या काशानी बंधूंनी आपल्या गुरूचे बोल फारसीत लिहून ठेवले. बुऱ्हानुद्दीन 1337 मध्ये गेले. त्यांच्या खानकाहमध्ये समा चाले, गाणं ऐकता ऐकता लोक भान हरपत. आणि त्याच गावात कुणीतरी दिव्यापाशी बसून, आज काय बोलणं झालं ते आठवून आठवून लिहीत असे.

फवाइदमधला एक प्रसंग मला फार जवळचा वाटतो. हसनने आपल्या नोंदी भीत भीत गुरूंना दाखवल्या. त्यांनी वाचल्या, आणि मधल्या काही जागा कोऱ्या का, असं विचारलं. तिथले शब्द नीट लक्षात राहिले नव्हते, म्हणून सोडल्या, असं हसन म्हणाला. गुरूंनी त्या जागा भरून दिल्या. पंधरा वर्षं ऐकणारा माणूस, मोठा कवी, शब्दांची त्याला काय वानवा! वाटलं असतं तर त्याने स्वतःचे शब्द घालून जागा भरल्या असत्या, आणि कुणाला कळलंही नसतं. त्याने जागा कोरी ठेवली. लेखनिकाची नीतिमत्ता म्हणून मला यापेक्षा मोठं काही सांगता येणार नाही.

त्याच्या कबरीपाशी मी गेलो तेव्हा एक आई आपल्या मुलाला घेऊन आली होती. या कबरीवर ठेवलेली साखर मुलांनी चाटली की बुद्धी तल्लख होते, अशी इथली श्रद्धा आहे. मुलगा चौथी-पाचवीतला असावा, पाठीला दप्तर तसंच. त्याने वाकून जिभेने साखर टिपली आणि आईकडे पाहिलं. तिने ओढणीच्या टोकाने त्याची हनुवटी पुसली. मुलाच्या पाठीवरचं ते दप्तर आणि मसनवीचे सहा दफ्तर हे शब्द एकच. रूमींनी आपल्या काव्याच्या सहा भागांना दफ्तर म्हटलं. सगळे मिळून पंचवीस हजारांवर शेर.

हसनच्या शेजारीच आणखी एक कबर आहे, चारशेहून अधिक वर्षांनी नंतरची. गुलाम अली आझाद बिलग्रामी. अवधमधल्या बिलग्रामचा हा विद्वान 1704 मध्ये जन्मला, मक्केला जाऊन आला आणि औरंगाबादेत स्थिरावला. अरबी आणि फारसी दोन्हींत लिहिणारा, कवींची चरित्रं जमवणारा. खुलताबादच्या संतांवर त्याने पुस्तक लिहिलं. आणि हसनच्या शेजारची जागा त्याने जिवंतपणीच आपल्यासाठी विकत घेऊन ठेवली. 1786 मध्ये तो तिथे आला. ज्या कवीला आपण कधी पाहिलं नाही त्याच्या शेजारी जागा मिळावी म्हणून पैसे मोजणारा वाचक मी दुसरा ऐकलेला नाही.

आझादने आणखी एक काम केलं, आणि त्यासाठी आपण मराठी माणसांनीही त्याचं ऋण मानायला हवं. औरंगाबादेतच शाहनवाजखानाने मोगल सरदारांची चरित्रं लिहायला घेतली होती, तीच मासिर-उल-उमरा. अठराव्या शतकापर्यंतच्या इतिहासाचं हे केवढं मोठं साधन, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. मे 1758 मध्ये औरंगाबादेत फ्रेंच सेनापती बुसीच्या दिवाणाचा खून झाला आणि त्या गदारोळात शाहनवाजखानही मारला गेला. घर लुटलं गेलं. ग्रंथाची पानं कुठच्या कुठे गेली. आझादने आपल्या मित्राच्या ग्रंथाचा माग सोडला नाही. वर्षभराने पानं हाती लागली, ती त्याने जुळवली, प्रस्तावना लिहिली आणि मित्राचं चरित्र त्यात घातलं. तलवार मिरवणाऱ्यांनी घर लुटलं आणि एका म्हाताऱ्या होत चाललेल्या कवीने पानं गोळा केली. त्या काळाचा इतिहास आपण वाचू शकतो तो अशा माणसांमुळे.

संध्याकाळी शहरात परतलो आणि थेट पाणचक्कीवर गेलो. आझाद पहिल्यांदा इथेच उतरला होता, बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियात, आणि सात वर्षं राहिला. मुसाफिर हे बुखाऱ्याकडचे नक्शबंदी, आणि त्यांचे गुरू बाबा शाह पलंगपोश हे मोगल फौजेबरोबर दख्खनभर फिरलेले. दोघांच्या आठवणी फारसीत लिहिल्या त्या गादीवर आलेल्या शाह महमूद यांनी. सायमन डिग्बी यांनी त्यांचं इंग्रजी भाषांतर 2001 मध्ये प्रसिद्ध केलं, तेव्हा जगाला कळलं की या शहराच्या गल्ल्यांतलं रोजचं जगणं, भांडणं, आजारपणं, उधाऱ्या, सगळं त्यात आहे. चक्कीही शाह महमूद यांच्याच काळातली. कित्येक किलोमीटरांवरच्या डोंगरातून मातीच्या नळांतून पाणी आणलं, खांबात चढवलं आणि इथे धबधब्यासारखं पाडलं. त्या पाण्यावर जातं फिरे, आणि पीठ फकिरांच्या, वाटसरूंच्या, विद्यार्थ्यांच्या भाकरीसाठी असे.

आवारात ग्रंथालय होतं, आणि त्यातले कितीतरी ग्रंथ पुढे हैदराबादला गेले. मराठवाड्याच्या किती गोष्टींचा शेवट या एका वाक्याने होतो! मात्र हैदराबादनेच आपल्याला सेतुमाधवराव पगडीही दिले. निलंग्यात जन्मलेला हा माणूस निजामी राजवटीत वाढला, फारसी त्याच्या हाडीमासी खिळली आणि त्याने सूफी संप्रदायावर मराठीत ग्रंथ लिहिला. आज असा फारसी जाणणारा मराठी लेखक शोधावा लागतो, याची मला मनापासून काळजी वाटते. हौदाच्या कठड्यावर मी अंधार पडेपर्यंत बसलो होतो. शाळेची सहल होती. मुलं पाण्यातल्या माशांना मुरमुरे टाकत होती. त्या रात्री शहागंजाजवळ नान-खलिया जेवलो आणि लवकर झोपलो.

सकाळी सिटी चौकातून आत गेलेल्या गल्लीत घर सापडायला वेळ लागला नाही. लाकडी जिना, वर लहानशी खोली, खिडकीला जाळी. सरांनी मला आधी न्हाणीघरात हात धुवायला पाठवलं आणि स्वतःच्या पंच्याने कोरडे करायला लावलं. "तेलकट बोट नको, ओलं तर मुळीच नको," म्हणाले. पेटीतून लाल खारव्याचं बासन काढलं. आमच्या आजोळी पोथ्या अशाच बासनात असत, आणि सरांनी बासन सोडलं तेव्हा वासही तोच आला, वेखंडाचा.

रेहलवर पोथी ठेवून त्यांनी जिल्द उघडली. सुरुवातीच्या कोऱ्या पानावर एका कोपऱ्यात बारीक अक्षर होतं. "या कबीकज," सरांनी वाचलं. "किड्यांच्या राजाला घातलेली हाक. तू राख, तुझी प्रजा आवर." कसर लागू नये म्हणून पूर्वी लेखनिक असं लिहीत. आपल्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून राख म्हणून विनवतो, त्याचाच हा भाऊ. किड्यांनी हाक काही ऐकली नव्हती. कबीकजच्या ककाराशेजारूनच एक बारीक भोक निघून पुढच्या वीस-बावीस पानांतून आरपार गेलं होतं.

मग पहिलं पान.

ते मी कसं सांगू? वरच्या तिसऱ्या हिश्शात सोन्याची कमान, तिच्यावर निळ्याचे उभे बारीक काटे वर निघालेले, समासात जाऊन विरलेले. कमानीच्या पोटात गडद निळी जमीन, लाजवर्दाची. हा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येई. आणि त्या निळ्यावर मुगाच्या दाण्याएवढी फुलं, तांबडी, पांढरी, प्रत्येकाला पाच पाकळ्या, आणि पाकळीच्या मुळाशी आणखी गडद ठिपका. सरांनी खिडकी थोडी लोटली आणि पान डोळ्यांच्या पातळीला तिरकं धरायला सांगितलं. तेव्हा दिसलं, सोनं एक नव्हतं, दोन होतं. एक हळदी, तापलेलं. दुसरं फिकट, हिरवट झाक असलेलं, चांदी मिसळलेलं. समोरून पाहताना दोन्ही सारखीच वाटत होती. आणि कमानीच्या कडेने सोन्यावर सुईने टोचलेले ठिपके, शेकडो, की कुठूनही उजेड आला तरी एखादा तरी चमकावा. वर्ख डिंकात खलून, धुऊन, कुंचल्याने भरून, वाळल्यावर घोटून, मग वर ही सुई. ते टोचणाऱ्याची मान किती दिवस खाली असेल!

कमानीखाली काव्य सुरू होतं, बासरीच्या तक्रारीने. बेटातून तोडलेली बासरी आपल्या विरहाचं गाणं सांगते, ही मसनवीची सुरुवात सगळ्या जगाला माहीत आहे. सरांनी पहिले काही शेर म्हटले, हळू, डोळे पोथीवर आणि हात मांडीवर ठेका धरून. मला शब्द अर्धेच कळत होते. पण बासरीही देवनळाच्या जातीची आणि बोरूही त्याच जातीचा. ज्याने हे लिहिलं त्याच्या हातातही बेटातून तोडलेली कांडीच होती. नस्तालीक अक्षर मोठं, एका बाजूला दहाच ओळी, प्रत्येक ओळीत शेराचे दोन चरण दोन रकान्यांत. सरांनी मोबाइलचा दिवा पानाच्या कडेने आडवा धरला आणि प्रत्येक ओळीखाली एक पुसट, शाईविना रेघ दिसली. दोरे ताणलेल्या पुठ्ठ्यावर कागद ठेवून अंगठ्याने दाबत गेलं की अशा रेघा उठतात. लिहिणारा त्यांच्यावर लिहितो आणि वाचणाऱ्याला त्या दिसत नाहीत.

मी मोडी पान काढलं. दोन्ही कागद खिडकीशी धरले. त्याच बारीक आडव्या रेघा, मधून वाकत जाणाऱ्या उभ्या रेघा. सर माझ्याकडे बघून नुसते हसले.

पाचव्या-सहाव्या पानापासून दुखणं दिसू लागलं. मजकुराभोवती आखलेल्या चौकटीत एक रेघ हिरवी होती, तांब्यापासून केलेल्या रंगाची. हा हिरवा रंग कागद खातो. रेघ जिथे जिथे होती तिथे कागद आधी तपकिरी पडला होता आणि मग तडकला होता. काही पानांत मजकुराचा पूर्ण चौकोन समासापासून सुटला होता, चौकटीतून तावदान निखळावं तसा. पान उलटताना सर एक हात खाली घालत आणि दुसऱ्याने समास धरत, तान्ह्या पोराची मान धरावी तसं. बघता बघता मीही तसंच करू लागलो.

"पण हा रंगाचा दोष. माणसांचं काय?" सर म्हणाले. त्यांच्या वडिलांनी ही पोथी एका गृहस्थांना विश्वासाने वाचायला दिली होती. वर्षाने परत आली. घरात आल्यावर लक्षात आलं की मधली काही पानं आणि शेवटची बरीचशी नाहीत. पात्याने कापलेली. शेवटच्या पानांवर लेखनिकाचं नाव, साल, गाव असतं. ते गेलं. "वडिलांनी पानं कधी मोजली नव्हती," सर म्हणाले. "किती गेली तेसुद्धा सांगता आलं नाही त्यांना. शेवटपर्यंत तेच म्हणत राहिले, मी मोजायला हवी होती."

त्यांनी मागची जिल्द उघडून दाखवली. मागच्या कोऱ्या पानाच्या अगदी तळाशी, आडव्या वेलांटीसारखी एक ओळ होती. "हे काय लिहिलंय ते कुणालाच लागलं नाही. उर्दू नाही, फारसी नाही. मला वाटलं, कुणी बोरू चालवून बघितला असेल."

मी वाकून पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. मोडी होती. वर ओढलेली रेघ, तिला लोंबणारी अक्षरं, बोरू न उचलता एका दमात लिहिलेली. पहिला शब्द कसरीने खाल्ला होता, बहुधा नाव असावं. पुढचं मी बोट न लावता, अक्षर अक्षर जुळवत वाचलं. किताब वाचावयास घेतली. पाने दोनशे बारा. रुजू असे.

सरांनी मला ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. फारसी मसनवी वाचणारा, मराठी लिहिणारा कुणी माणूस. पोथी उसनी नेताना त्याने पानं मोजली आणि ती बरोबर आहेत असं त्याच पोथीत लिहून ठेवलं, म्हणजे परत देताना मालकाला ताळा घेता यावा. साल नाही. पोथी सुखरूप परत आली असणार, कारण ती या घरात होती. सर उठले, खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. जिन्यावरून कुणीतरी चहा आणून ठेवला. तो पोथीपासून दूर, पेटीवर.

"मोजू या," परत येऊन म्हणाले.

आम्ही मोजायला बसलो. ते पान उलटत, मी आकडा म्हणत होतो. अशा पोथ्यांना पानाचे आकडे नसतात. उजव्या हाताच्या पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, तिरपा, एकच शब्द असतो, पुढच्या पानावर जो पहिला येणार आहे तो. जिल्द बांधणाऱ्याला त्यावरून पानांचा क्रम लागतो, आणि वाचणारा पान उलटण्याआधीच पुढचा शब्द उच्चारू शकतो. जिथे कोपऱ्यातला शब्द आणि पुढचा शब्द जुळत नव्हते तिथे सर थांबत, कागदाची कापलेली कड बोटाने चाचपत आणि पुढे जात. अशा जागा तीन निघाल्या. मध्ये कुठेतरी दुपारच्या नमाजाची अजान झाली आणि संपली. एकशे सत्त्याण्णवाला पोथी संपली.

शेवटचं पान मजकुराने भरलेलं होतं, खालपर्यंत दहा ओळी. कोपऱ्यात पुढच्या पानाचा शब्द होता. चारच अक्षरं, आणि पहिल्या अक्षराखालचा ठिपका पाण्याच्या डागाने थोडा पसरलेला.

"वाचा," सर म्हणाले. "येईल तुम्हाला."

मी कोशाकडे हात नेला आणि मागे घेतला. बे, अलिफ, काफ, ये. माझ्या मोडी पानावर जमा झाली, खर्च झाला, की तळाशी प्रत्येक दिवसाच्या शेवटी हाच शब्द येतो.

"बाकी," मी म्हणालो.

सरांनी मान हलवली. टेबलावरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलं, पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलने 212 लिहिले, त्याखाली 197, आणि रेघ ओढली. खाली 15 लिहून त्यांनी ती चिठ्ठी मागच्या जिल्दीत, त्या मोडी ओळीच्या शेजारी ठेवली आणि बासन बांधायला घेतलं.